कर्दे-मुरुडच्या किनाऱ्यावरील सकाळच्या घोळक्यात तीन वर्षांच्या लॅब्राडोरला न्यावे का?

प्रश्न : अंगणवासी

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पतिपत्नी ठाण्याचे बिऱ्हाड आवरून दापोली तालुक्यातल्या घरी कायमचे राहायला आलो. सोबत ब्रुनो नावाचा तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे. त्याचे सारे बालपण नवव्या मजल्यावर गेले. इमारतीत कुत्र्यांवरून कुरबुरी फार होत्या, त्यामुळे रस्ते रिकामे झाल्यावर रात्री उशिरानेच त्याला खाली नेता येत असे. परिणामी माणसांत तो जितका मोकळा आहे तितकाच इतर कुत्र्यांच्या बाबतीत अडाणी राहिला आहे. पाहुणा आला की त्याच्या मांडीवर डोके ठेवून बसणारा हा प्राणी पाखाडीवर दुसरे कुत्रे दिसताच जागच्या जागी ताठ होतो, कान पुढे काढतो, आणि समोरचा वीसेक पावलांवर आला की पट्टा हाताला काचेल इतक्या जोराने उसळून भुंकू लागतो. शेजारच्या वाडीतला एक गावठी कुत्रा परवा शेपूट हलवत अगदी जवळ आला, तेव्हा ब्रुनोने पाठीवरचे केस उभे करून दात दाखवले. तो बिचारा निमूटपणे निघून गेल्यावर मात्र हाच त्याच्या वाटेकडे पाहत बराच वेळ कुंईकुंई करत राहिला. चावा त्याने आजवर कोणालाही घेतलेला नाही.

कर्दे आणि मुरुड यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर सकाळी उजाडता उजाडता पाच-सहा श्वानपालक जमतात. काही आमच्यासारखे मुंबई-पुण्याकडून परतलेले आहेत, तर काहींची येथेच पर्यटकांसाठी खोल्या देण्याची व्यवस्था आहे. त्यांच्याकडे एक जर्मन शेफर्ड, दोन गावठी कुत्रे, एक पॉमेरेनियन आणि जेमतेम चार महिन्यांचे रॉटवायलरचे पिल्लू आहे. वाळूवर पाय ठेवताच सगळ्यांचे पट्टे सुटतात आणि तासभर धुडगूस चालतो. ‘घेऊन या हो, दोन दिवसांत रुळेल,’ असा त्यांचा प्रेमळ आग्रह आहे. सौभाग्यवतींना न्यावेसे वाटते; माझे मन धजावत नाही.

तीन वर्षांच्या वयात अशी सवय लागते का, लावायची झाल्यास सुरुवात कोठून करावी, आणि या मंडळींचा स्नेह न दुखावता पट्टा न सोडण्याविषयी त्यांच्याशी कसे बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्या घरापासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर दोन वाड्यांचे कुत्रे भेटतात, त्यांचे काय करावे हेही समजले तर बरे होईल.

उत्तर : भाट्ये सकाळ

आम्ही रत्नागिरीजवळ भाट्याच्या वाळूवर काही जण मिळून कुत्र्यांना फिरवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

ब्रुनोला त्या घोळक्यात सध्या नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या मंडळींपैकी एका माणसाबरोबर आणि एका कुत्र्याबरोबर मात्र अवश्य न्यावे. एकत्र फिरण्याचा हेतू कुत्र्यांनी एकमेकांशी खेळावे हा असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक, दुसरे कुत्रे समोर असतानाही आपल्या माणसाबरोबर निवांत चालत राहता येणे, एवढेच ब्रुनोला शिकायचे आहे. खेळ हा त्यानंतरचा भाग आहे, आणि तो कधीच आला नाही तरी काही बिघडत नाही. पिल्लूपण सरून पूर्ण वयात आलेल्या अनेक कुत्र्यांना अनोळखी कुत्र्यांशी खेळण्यात रसच उरत नाही. त्यांना ओळखीचे दोन-तीन सोबती पुरतात.

आपण केलेल्या वर्णनातली शेवटची कुंईकुंई महत्त्वाची आहे. निव्वळ द्वेष असता तर समोरचा निघून गेल्यावर तो सुटकेचा श्वास टाकून वास घेत बसला असता. त्याला जवळ जायचेही आहे आणि जवळ आलेल्याशी वागायचे कसे हे ठाऊकही नाही. त्यातच पट्ट्यामुळे पुढेही जाता येत नाही आणि मागेही हटता येत नाही, म्हणून तो गोंगाट करून अंतर राखतो. अशा कुत्र्याला पाच मोकळ्या कुत्र्यांच्या मध्ये सोडले तर तो एक तर घाबरून चावेल किंवा शेपूट पोटाखाली घेऊन गाडीकडे पळेल, आणि दोन्ही प्रकारांत त्याची भीती खरी ठरेल.

सुरुवात अशी करावी. त्या दोन गावठी कुत्र्यांपैकी जो वयस्क आणि शांत असेल त्याच्या मालकांना, घोळक्याच्या वेळेखेरीज इतर वेळी, ओहोटीला यायची विनंती करावी. ओहोटी का, तर तेव्हा वाळूचा पट्टा रुंद मिळतो आणि दोन कुत्र्यांमध्ये पन्नास-साठ पावलांचे अंतर सहज ठेवता येते. दोघांनीही एकाच दिशेने, समांतर चालावे. समोरासमोर येऊ नये, कारण तोंडासमोर तोंड आणून सरळ चालत येणे ही कुत्र्यांच्या रीतीत उद्धट गोष्ट आहे. कुत्रे बाहेरच्या बाजूंना आणि माणसे आतल्या बाजूला असावीत. पट्टा सैल, साधारण दोन मीटरचा आणि हार्नेसला, म्हणजे छाती-खांद्यांभोवतीच्या पट्ट्यांना, लावलेला असावा. बटण दाबताच सुटत आणि आवळत जाणारे डबीतले पट्टे अशा वेळी घातक ठरतात, कारण त्यांचा ताण कुत्र्याला सतत जाणवत राहतो आणि ऐन वेळी दोरी हाताला कापते.

अंतर पुरेसे आहे की नाही हे ओळखायला ब्रुनोच्या तोंडाकडे पाहावे. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तो हळुवारपणे घेत असेल तर अंतर ठीक आहे. हिसकावून घेत असेल तर कमी पडते आहे. आणि घेतच नसेल तर फारच कमी आहे, निमूटपणे दूर व्हावे. खारवलेली सुकी मासळी मात्र खाऊ म्हणून देऊ नये, किनाऱ्यावर तो आधीच मीठ बरेच चाटतो. ओठांवरून जीभ फिरवणे, झोप नसताना जांभई देणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, एक पाय उचलून गोठून उभे राहणे, ही भुंकण्याच्या कितीतरी आधीची बोलणी आहेत. तेवढ्यावर ज्यांना कळते त्यांच्या कुत्र्यांवर भुंकण्याची वेळ क्वचित येते.

आमच्याकडे अशीच एक घाबरट कुत्री आली होती. तिची पहिली ओळख करून देताना तिच्या बाजूने चाललेला जुना कुत्रा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्याकडे पाहायचे टाळत होता. भरतीने आणून टाकलेल्या नारळाच्या सोडणापाशी तो थांबला, सावकाश वास घेतला, त्यावर मुतला आणि पुढे गेला. मागून तिला तेथे आणल्यावर तिने तो वास इतका वेळ घेतला की पट्टा धरणाऱ्याला उभ्याउभ्या कंटाळा आला. मग तिने अंग झाडले आणि तिची शेपूट प्रथमच पाठीच्या पातळीला आली. प्रत्यक्ष भेट त्या दिवशी झालीच नाही, तिची गरजही नव्हती. काही दिवसांनी अंतर आपोआप घटते. नंतर भेट घडवायची तेव्हा बाजूने, वळण घेत, शेपटीकडून वास घेऊ द्यावा आणि मनात तीन आकडे मोजून दोघांनाही आनंदी आवाजात परत बोलवावे. लांबलेल्या भेटीतच बहुधा बिनसते.

दोन कुत्र्यांशी असे जमले की तिसरा घ्यावा. जर्मन शेफर्डला शेवटी ठेवावे, आणि पट्टे बांधलेल्या कुत्र्यांजवळ कोणी आपला कुत्रा मोकळा सोडणार नाही एवढी अट आधीच घालून घ्यावी.

उत्तर : गुरांचा डॉक्टर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वय आणि आजार या दोन बाबतींत थोडी भर घालतो.

पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा जगाची ओळख करून घेण्याचा असतो. अमेरिकेत बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोघांनी कुत्र्यांच्या वर्तनावर वर्षानुवर्षे काम करून १९६५ मध्ये जे मांडले, त्यातून ही गोष्ट ठळक झाली. त्या काळात जे दिसले, हुंगले आणि ऐकले ते कुत्र्याला आयुष्यभर आपलेसे वाटते; जे राहिले ते पुढे शिकवावे लागते. तेव्हा तीन वर्षांच्या ब्रुनोला शिकवता येते, पण ते शिकणे संथ असते, आणि त्याने पिल्लासारखे सगळ्यांत मिसळावे अशी अपेक्षा धरू नये.

यावरून त्या रॉटवायलरच्या पिल्लाची मला अधिक काळजी वाटते. चार महिन्यांचे पिल्लू मोठ्या कुत्र्यांच्या पायांखाली तुडवले गेले की हाडांना इजा होण्याचा संभव असतोच, शिवाय या वयात बसलेली एखादी जबर दहशत पुढे पन्नास किलोच्या कुत्र्याच्या रूपाने मालकांना फेडावी लागते. त्याला पट्ट्यावर, एखाद्या संयमी मोठ्या कुत्र्याच्या सहवासात फिरवावे. लसींच्या बाबतीत दोन टोके मला रोज दिसतात. काही जण लस पुरी होईपर्यंत पिल्लाला उंबरठा ओलांडू देत नाहीत, आणि ओळखीचा सारा काळ हातचा घालवतात. काही जण पहिल्या लशीच्याही आधी त्याला बाजारात फिरवतात. पिल्लांना जीवघेणी हगवण लावणारा पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून लशींची मालिका सोळाव्या आठवड्यापर्यंत पुरी होईस्तोवर अनोळखी कुत्र्यांची विष्ठा पडते अशा जागी पिल्लाला खाली ठेवू नये. मात्र कडेवर घेऊन हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव दाखवावा, एस.टी.चा आवाज ऐकवावा, लसीकरण झालेल्या शेजारच्या कुत्र्याबरोबर अंगणात बसवावे. पहिली लस आणि जंताचे औषध होऊन आठवडा उलटल्यावर पिल्लांना मर्यादित वर्गात एकत्र आणण्यास प्राणिवर्तन पाहणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेचीही संमती आहे.

एकत्र फिरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची रेबीजची लस चालू वर्षाची असलीच पाहिजे. कोकणात त्याच्या जोडीला लेप्टोस्पायरोसिसची लस मी आग्रहाने देतो. उंदरांच्या मुतातून हा जंतू पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात आणि भातखाचरांत येतो, कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही होतो. तिचा प्रभाव फार काळ टिकत नसल्याने ती दरवर्षी, शक्यतो पावसाच्या तोंडावर द्यावी. गोचीड हा तिसरा शत्रू आहे. एका कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड साऱ्या घोळक्यात पसरतात आणि त्यांच्यामार्फत एहर्लिशिया, बबेसिया यांसारख्या जंतूंचे ताप येतात, त्यामुळे गोचिडाचे औषध सगळ्यांनी एकाच सुमारास करणे फायद्याचे ठरते. अंगावर गोचीड सापडलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. बोटांनी चिरडू नये, रॉकेलही लावू नये.

माजावर आलेल्या कुत्रीला या फेरीत आणू नये. माज साधारण तीन आठवडे चालतो, आणि तेवढ्या काळात एरवी गुण्यागोविंदाने राहणारे दोन नर तिच्यापायी एकमेकांचे कान फाडतात.

घोळक्यात कोणाला दात लागलेच तर, चावणारा कुत्रा घरचा असो वा गावचा, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, तिखट असे काहीही त्यात भरू नये. अनोळखी कुत्रा आपल्या कुत्र्याला चावला असेल तर लस आधी झालेली असली तरी पशुवैद्याला दाखवून पुन्हा टोचून घ्यावी.

उत्तर : सडेकर

इतके अवडंबर कशासाठी, हे मला समजले नाही. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून कुत्रे आहेत आणि त्यातल्या एकालाही पट्टा माहीत नव्हता. नवा कुत्रा आला की पहिले दोन दिवस गुरगुर होते, एखादा कान फाटतो आणि मग सगळे एकाच पडवीत झोपतात. माणसे मध्ये पडतात म्हणूनच भांडणे वाढतात. ब्रुनोला सोडून द्यावे आणि आपण दूर उभे राहावे.

उत्तर : भाट्ये सकाळ

सडेकर, आपले म्हणणे आपल्या पडवीपुरते खरे आहे. तेथे वाढलेला कुत्रा पिल्लू असल्यापासून आईच्या, भावंडांच्या आणि वाडीतल्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या हाताखाली तयार झालेला असतो. मान केव्हा वळवायची, केव्हा पाठ दाखवायची आणि किती चावले म्हणजे पुरे, हे त्याला पुरते अवगत असते. गावठी कुत्र्यांची ही समज शहरातल्या भारी किमतीच्या कुत्र्यांपेक्षा पुष्कळदा सरस असते, आणि म्हणूनच ब्रुनोचा पहिला सोबती गावठी असावा असे मी सुचवले. शिवाय पडवीतल्या कुत्र्याला नको असेल तेव्हा उठून गडग्यापलीकडे जाण्याची मुभा असते. ब्रुनोला ती समजही मिळालेली नाही आणि ती मुभाही नाही. आपण म्हणता तो फाटलेला कान पॉमेरेनियनचा असेल तर प्रकरण कानावर थांबणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

वाटेवरच्या वाड्यांतील कुत्र्यांविषयी विचारले होते. ते आपली हद्द राखतात. हद्द संपली की बहुतेक सगळे मागे फिरतात. त्यांच्या नजरेला नजर देऊ नये, धावू नये, ब्रुनोला आपल्या पलीकडच्या बाजूला घेऊन वेग न बदलता चालत राहावे. दगड उचलण्याचा नुसता आव आणला तरी गावचे कुत्रे हटतात हे खरे, पण तसे वारंवार केल्यास दुसरे कुत्रे दिसले की काहीतरी भांडण होते असा ब्रुनोचा ग्रह होतो. त्यापेक्षा त्या वाड्यांतील घरांशी आपणच ओळख वाढवावी आणि घोळक्याच्या वर्गणीतून तेथील कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्यावी. कानाला सरळ खाच असलेला कुत्रा दिसला तर त्याची नसबंदी झालेली आहे असे समजावे. असे कुत्रे बरेचदा अधिक निवांत असतात, वाट निवडताना त्याचाही उपयोग होतो.

उत्तर : रापणकर

माझे घर याच किनारपट्टीवर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, चालते. वरची चर्चा कुत्र्यांच्या सोयीची झाली. किनाऱ्यावर आणखीही कोणी राबते, म्हणून लिहितो.

रापण ओढताना दोन्ही बाजूंना माणसे दोरावर असतात आणि कोणाचेही लक्ष मागे नसते. अशा वेळी मोकळा जर्मन शेफर्ड जाळ्यातल्या मासळीवर धावून आला की ओरडण्यापलीकडे आमच्या हाती काही राहत नाही. वाळत घातलेल्या मासळीवर मुतलेले कुत्रे आम्ही पाहिले आहेत. ती मासळी फेकून द्यावी लागते आणि तिचे पैसे मागायचे कोणाकडे, हा प्रश्न राहतो. कुत्र्यांची विष्ठा पायाने वाळूखाली ढकलून जाणारी सुशिक्षित मंडळीही आम्ही पाहतो. आम्ही अनवाणी चालतो. कुत्र्यांच्या पोटातील आकडीकृमींची (हूकवर्म जंतांची) पिल्ले वाळूतून माणसाच्या तळपायाच्या कातडीत शिरतात आणि तेथे लाल, खाजरी नागमोडी रेघ उठते. डॉक्टरसाहेब याविषयी अधिक सांगू शकतील. पिशवी आणावी, उचलावे आणि घरी न्यावे.

कुत्र्यांच्या भल्याचेही एक सांगतो. जाळ्यातून निघालेला केंड मासा विषारी असल्याने आम्ही किनाऱ्यावरच टाकून देतो. फुगलेला, चेंडूसारखा तो गोळा खेळकर कुत्र्याच्या तोंडात आधी जातो, आणि खाल्ला तर जिवावर बेतते. शिंगाळा माशाचा काटा पंजात मोडला की तो ठणका माणसालाही सोसत नाही. तुटलेले गळ आणि जाळ्यांचे तुकडे भरतीच्या रेषेवर अडकलेले असतात. या रेषेवरून फिरताना तरी कुत्रा पट्ट्यात हवाच.

आणि कासवे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री याच वाळूत अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये संरक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे आंजर्ले, केळशी, कोळथरे, दाभोळ असे पसरत गेले, आणि कर्दे-मुरुडच्या वाळूतही घरटी मिळतात. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. घरटी राखणारे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून मादीच्या पावलांचा माग काढतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे ती उबण्यासाठी राखलेल्या जागेत, नेतात. त्यांच्या आधी कुत्रा पोहोचला तर तो घरटे उकरतो, आणि पाच-सहा मोकळ्या कुत्र्यांनी वाळू तुडवली तर माग पुसला जाऊन घरटे कोणालाच सापडत नाही. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा हा केवळ आमच्या नाराजीचा विषय नाही. त्या महिन्यांत आपली फेरी कासवमित्र परतल्यावर सुरू करावी, आणि सुक्या वाळूवर न चढता पाण्यालगतच्या ओल्या वाळूवरूनच न्यावी. आपला घोळका होड्या लागतात त्या टोकाला न जाता सुरूच्या बनाकडून निघाला, तर होड्यांच्या सावलीत राहणाऱ्या आमच्या कुत्र्यांशी तंटाही होणार नाही.

प्रश्नकर्ता : अंगणवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल घोळक्यातील मंडळींना घरी चहाला बोलावले आणि कासवांचा विषय आधी काढला. त्यामुळे पट्ट्याची गोष्ट ब्रुनोपुरती न राहता सगळ्यांची झाली आणि बोलणे सोपे गेले. मार्च सरेपर्यंत ओल्या वाळूवरून आणि पट्ट्यातच फिरायचे, यावर एक जण सोडून सगळे राजी आहेत. थोरल्या गावठी कुत्र्याच्या मालकीणबाई संध्याकाळच्या ओहोटीला वेगळ्या यायला तयार झाल्या आहेत. पिल्लाच्या मालकांनी डॉक्टरांचे उत्तर दोनदा वाचले.

दोन शंका उरल्या आहेत. भांडण जुंपलेच तर सोडवायचे कसे, आणि जूननंतर समुद्र खवळला, वाळूचा पट्टा अरुंद झाला की फिरायचे कोठे? घरामागे मोठा कातळसडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ, आहे.

उत्तर : गुरांचा डॉक्टर

रापणकरांचे आकडीकृमींविषयीचे म्हणणे अचूक आहे. घोळक्यातील मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे.

भांडणात कुत्र्यांच्या तोंडामध्ये हात घालू नये, गळपट्टाही पकडायला जाऊ नये. घरच्याच कुत्र्याचे दात मालकाला लागण्याचे प्रकार बहुतांशी याच क्षणी घडतात. समुद्र जवळ असल्याने बादलीभर पाणी तोंडावर मारणे किंवा भिजलेला टॉवेल डोक्यावर टाकणे सोपे आहे, आणि किनाऱ्यावर जाताना एक रिकामी बादली बरोबर ठेवणे मुळीच हास्यास्पद नाही. तेवढ्याने न सुटल्यास दोन माणसांनी एकाच वेळी दोन्ही कुत्र्यांचे मागचे पाय मांडीपाशी धरून, उचलून, अर्धवर्तुळात मागे न्यावे. एकानेच ओढल्यास दुसरा मोकळा राहून चावत सुटतो. सुटल्यावर केस बाजूला सारून कातडी तपासावी, कारण सुळ्यांची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोलवर पिशवी झालेली असते. त्या दिवसानंतर त्या दोघांना पुन्हा दूर अंतरावरून, समांतर चालण्यापासून सुरुवात करून द्यावी.

सड्यावर मोकळी जागा भरपूर मिळते आणि समोरून येणारा कुत्रा लांबून दिसतो, त्यामुळे ब्रुनोसाठी ती जागा चांगली आहे. मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील कातळ म्हणजे फुरसे या विषारी सापाचे घर. फुरसे दगडाखाली किंवा गवतात वेटोळे घालून पडलेले असते, पळून जात नाही, आणि वास घेत गेलेल्या कुत्र्याला ते बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायाला चावते. उजेड पुरता झाल्याखेरीज जाऊ नये, मळलेली वाट सोडू नये, आणि पट्टा दोन मीटरहून लांब ठेवू नये. चावल्याचा संशय आला तर आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, चोखणे यांत वेळ दवडू नये. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, पण ते प्रत्येक पशुवैद्याकडे असतेच असे नाही, म्हणून पाऊस लागण्यापूर्वीच जवळपास कोणाकडे मिळेल हे फोन करून विचारून ठेवावे. कुत्र्याला चालवत आणल्यास विष लवकर भिनते, त्यामुळे त्याला उचलूनच गाडीपर्यंत न्यावे लागते. तीस किलोचा लॅब्राडोर एकट्याला सड्यावरून उचलून आणणे जमण्यासारखे नाही. तेव्हा तेथे जाताना किमान दोघे असावेत, आणि झोळी करता येईल अशी एक जाड चादर पाठीवरच्या पिशवीत ठेवावी.